बोटांपासून सुरू होणारे करवती हातमोजे

डिसेंबर लागला की आमच्याकडं चन्याला अन् गव्हाला ओलित सुरू होतं, आणि लाईन रात्रीची असली की घरातला माणूस रात्री अकरा-बाराला वावरात जातो, पायात बूट, अंगात स्वेटर, कानाला मफलर, सगळं असतं, हात मात्र उघडे. फावडं धरायचं, दांड फोडायचा, पाइप उचलायचा, सगळं त्या थंडगार हातांनी. विदर्भ म्हटलं की लोकांना फक्त ऊन आठवतं, पण २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपूरला पारा ३.५ अंशांवर गेला होता, मग उघड्या वावरात किती हिव असेल ते ज्याचं त्यालाच माहीत. म्हणून मी आमच्या ह्यांच्यासाठी दोन रंगांचे हातमोजे विणले, आणि ते नेहमीसारखे मनगटाकडून न विणता बोटांच्या टोकाकडून विणले. ती पद्धत आज पूर्ण आकड्यांसकट सांगते.

आधी हे सांगते की बोटांपासून का. नेहमीच्या पद्धतीत आधी मनगटाची पट्टी, मग तळवा, मग शेवटी एकेक बोट. म्हणजे सगळ्यात किचकट काम शेवटी, हात थकलेला, लोकर संपत आलेली, आणि एक बोट विणताना अख्खा मोजा सुयांना लटकून गरगर फिरत राहतो. शिवाय दोन बोटांच्या मधे नवीन टाके उचलावे लागतात तिथं हमखास भोकं पडतात. मी पहिली जोडी अशीच विणली होती, करंगळीपर्यंत पोचता पोचता लाल लोकर संपली आणि त्याच रंगाची पुन्हा मिळाली नाही. बोटांपासून सुरू केलं की एकेक बोट म्हणजे एक छोटीशी नळी, पिशवीत मावते, एसटीची वाट पाहताना, दूध तापेपर्यंत, चार-पाच ओळी होऊन जातात. एखादं बोट बिघडलं तर तेवढंच उसवा, बाकीच्याला धक्का नाही. आणि लोकर कमी पडली तर पडते ती मनगटाच्या पट्टीत, तिथं एखादा इंच कमी झाला तरी चालतो.

दोन रंगांचे हातमोजे ही मूळची थंड देशांतली कला. नॉर्वेत सेल्बू नावाचा भाग आहे तिथले काळे-पांढरे, आठ पाकळ्यांच्या फुलाचे मोजे प्रसिद्ध आहेत, आणि स्कॉटलंडमधल्या सँकर गावच्या हातमोज्यांवर बारीक चौकटींची नक्षी असते, मनगटावर तर घालणाऱ्याच्या नावाची अक्षरं विणतात. ते काम पाहूनच मला वाटलं की आपल्याकडची नक्षी का नको. आपल्या भंडारा-नागपूरकडच्या टसरच्या साड्यांना करवती काठ असतो ना, करवतीच्या दात्यांसारखा, तोच मी घेतला. चारच टाक्यांची नक्षी आहे, शिकायला सोपी, आणि हातमोज्याला फार सोयीची, ती का ते पुढं कळेल.

सामान. चार प्लायची बारीक लोकर, दोन रंग, दोन्ही मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास लागते. मी लाल अन् पांढरी घेतली, तुम्ही कोणतेही घ्या पण एक गडद अन् एक फिका असू द्या, दोन्ही मध्यम रंग असले की नक्षी दिसतच नाही. लाल लोकर आणल्या आणल्या तिचा वीतभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा, रंग सुटत असेल तर पांढऱ्यासोबत वापरू नका. सुया १२ नंबरच्या, म्हणजे २.७५ मिमीच्या, दोन्ही बाजूंनी टोक असलेल्या, मोज्याच्या सुया म्हणून पाचचा संच मिळतो तो. तालुक्याला नाही मिळाल्या तर नागपूरला इतवारीत शोधा. सायकलच्या स्पोकच्या सुया करून विणणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, टोकं दगडावर घासून गुळगुळीत करतात, पण स्पोक साधारण २ मिमीचा असतो, त्यावर टाका फार बारीक येतो आणि इथले आकडे जुळणार नाहीत.

माप घ्यायची माझी रीत अशी की ज्याचे मोजे त्याचा हात जुन्या पेपरावर ठेवून पेनानं आखून घ्यायचा, आणि कडुलिंबाच्या काड्या प्रत्येक बोटाच्या लांबीच्या तोडून ठेवायच्या, पाच काड्या, टोकापासून दोन बोटांच्या बेचक्यापर्यंत. मग माणूस वावरात असला तरी बोट काडीला लावून पाहता येतं. खाली जे आकडे देऊन राहिली ते पुरुषाच्या हाताचे, तळव्याचा घेर ८ इंच (अंगठा सोडून), आणि वीण अशी की एका इंचात ८ टाके अन् ९ ओळी. बाईच्या हाताला हेच टाके ठेवून एक नंबर बारीक सुई घ्या, नक्षी मोडायची गरज नाही.

वेगळा नमुना विणायची गरज नाही, करंगळी हाच नमुना. म्हणून सुरुवात करंगळीपासून करा.

८ टाके घाला, शेपटीचा धागा वीतभर सोडा. तीन सुयांवर ३-३-२ असे वाटून गोल जोडा, पांढऱ्या रंगात. एक गोल ओळ साधी सुलट. पुढच्या ओळीत २ टाके विणा, १ वाढवा, असं चारदा, १२ झाले. एक ओळ साधी. मग ३ विणा १ वाढवा चारदा, १६ झाले. करंगळीला इथंच थांबायचं. बाकीच्या तिन्ही बोटांना आणि अंगठ्याला अजून एक साधी ओळ आणि मग ४ विणा १ वाढवा चारदा, २० टाके. वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून त्याला पीळ देऊन विणा, पीळ नाही दिला तर तिथं जाळी दिसते. टोकाचं तोंड उघडं राहील, त्याची काळजी करू नका, शेवटी शेपटीचा धागा त्या ८ टाक्यांतून सुईनं फिरवून ओढला की चिमटीसारखं बंद होतं.

टोकाच्या ह्या सगळ्या पांढऱ्या ओळी मिळून साधारण ९ होऊ द्या, वाढवणं संपल्यावर जितक्या कमी पडतात तितक्या साध्या विणा. मग करवत सुरू.

करवतीच्या चार ओळी. पहिली, १ लाल ३ पांढरे. दुसरी, २ लाल २ पांढरे. तिसरी, ३ लाल १ पांढरा. चौथी, सगळे लाल. पुन्हा पहिलीपासून. ह्या चार ओळी झाल्या की एक करवत. बस. मागून जाणारा धागा तीन टाक्यांपेक्षा जास्त कुठंच लोंबत नाही, आणि हातमोज्यात ही फार मोठी गोष्ट आहे, कारण आत लांब धागे लोंबले की घालताना बोटं त्यात अडकतात, अंधारात घाईत मोजे चढवणाऱ्या माणसाला तर वैताग येतो. दुसरी नक्षी घेणार असाल तरी अर्ध्या इंचापेक्षा जास्त धागा मागं मोकळा सोडू नका.

एक लक्षात ठेवा, आपण टोकाकडून खाली विणून राहिलो म्हणून नक्षीचा कागद उलटा धरायचा. करवतीत दाते आपोआप बोटांच्या टोकाकडं येतात, पण मोर, फूल, अक्षरं असं काही घेतलं आणि कागद सरळ धरला तर घातल्यावर ते डोक्यावर उभं दिसेल. हे तळवा अर्धा झाल्यावर कळलं तर फार जीव जळतो.

दोन धाग्यांचं वळणही ठरवून घ्या. लाल धागा नेहमी खालून येईल आणि पांढरा नेहमी वरून. खालून येणारा धागा कापडावर जास्त उठून दिसतो, आपल्याला लाल दाते उठून दिसायला हवेत. मधेच अदलाबदल केली तर एक बोट ठळक अन् दुसरं फिकं असं होतं, आणि आपल्याला वाटतं लोकरीतच फरक आहे.

आता ह्या कामातली सगळ्यात अवघड जागा. बोटाची नळी इतकी अरुंद की मागचा धागा नकळत ताणला जातो, आणि ताणला की नळी आवळते, बोट आत जातच नाही. ह्याच्यावर उपाय म्हणजे काम उलटं करून विणायचं, म्हणजे नळीची आतली बाजू बाहेर काढायची आणि आपल्याजवळच्या सुईवर न विणता पलीकडच्या सुईवर विणायचं, नक्षी नळीच्या आत दिसत राहील. असं केलं की मागचे धागे नळीच्या बाहेरून फिरतात, तो रस्ता थोडा लांबचा, म्हणून धागा आपोआप सैल राहतो. पहिली दहा मिनिटं हात अडखळतील. मला दोन संध्याकाळी लागल्या, पण आता रंगीत विणताना मी दुसऱ्या कोणत्या रीतीनं विणतच नाही. सुई बदलते त्या जागी तर धागा मुद्दाम थोडा ढिला सोडा.

करंगळीला एक करवत झाली की सपाट ठेवून मोजा. १६ टाक्यांची नळी सपाट ठेवल्यावर बरोबर १ इंच रुंद हवी. कमी भरली तर १० किंवा ११ नंबरची सुई घ्या, जास्त भरली तर १३ नंबरची. इथं आळस करू नका, करंगळी पुन्हा विणायला एक संध्याकाळ लागते, अख्खा मोजा पुन्हा विणायला पंधरा दिवस.

करंगळीला ३ करवती, करंगळीजवळच्या बोटाला ४, मधल्याला ५, अंगठ्याजवळच्या बोटाला ४, अंगठ्याला ३. लांबी काडीला जुळत नसेल तर टोकाचा साधा पांढरा भाग कमी-जास्त करा, करवतीला हात लावू नका. प्रत्येक बोट चौथ्या, म्हणजे पूर्ण लाल ओळीवरच संपलं पाहिजे, तरच तळव्यावर जोडताना सगळ्यांचे दाते एका रेषेत येतात. झालेल्या बोटाचे टाके गोधडीच्या दोऱ्यात ओवून ठेवा, धागे वीत-दीड वीत सोडून तोडा.

आणि ही ह्या सगळ्याची किल्ली आहे. अंगठ्याजवळचं बोट करवतीच्या पहिल्या टाक्यापासून सुरू करायचं (१ लाल, मग ३ पांढरे), आणि बाकीची तीन बोटं दुसऱ्या टाक्यापासून, म्हणजे पहिल्या ओळीत आधी ३ पांढरे मग १ लाल, दुसऱ्या ओळीत १ लाल २ पांढरे १ लाल, तिसरीत २ लाल १ पांढरा १ लाल. कारण हाताच्या पाठीवर अंगठ्याजवळच्या बोटाचे ९ टाके येतात, मधल्याचे ८, त्याच्या शेजारच्याचे ८, करंगळीचे ७. नऊ टाक्यांत करवत दोनदा पूर्ण होऊन तिसरीचा एक टाका झालेला असतो, म्हणून पुढचं बोट दुसऱ्या टाक्यानं लागतं, आणि आठ-आठची बोटं चारच्या हिशोबात बसतात म्हणून त्यांच्यानंतरही तेच. मी हा हिशोब चौकटीच्या वहीवर तीनदा मांडला तेव्हा कुठं भरवसा बसला. असं केलं तर बोटावरची करवत तळव्यावर अशी उतरते की जोड कुठं आहे ते शोधावं लागतं.

आता जोडणी. उजव्या हाताचा मोजा सांगते. प्रत्येक बोटाचे टाके सुरुवातीपासून मोजा. अंगठ्याजवळच्या बोटाचे १० अन् ११ नंबरचे टाके बेचक्याचे. मधल्या बोटाचे ९-१० आणि १९-२०. करंगळीजवळच्याचेही ९-१० आणि १९-२०. करंगळीचे १५-१६. बेचक्याचे टाके तेवढे सेफ्टी पिनांवर घ्या.

आधी तीनच बोटं जोडायची, कारण करंगळीचं मूळ बाकीच्यांपेक्षा खाली असतं, आपला हात पाहा. अंगठ्याजवळच्या बोटाचे १०-११ हे मधल्याच्या १९-२० ला समोरासमोर धरून सुईनं शिवून टाका, टाक्यात टाका घालून, विणल्यासारखे. मधल्याचे ९-१० हे शेजारच्याच्या १९-२० ला. आता गोल ओळ अशी जाते: पाठीकडून अंगठ्याजवळच्या बोटाचे ९, मधल्याचे ८, शेजारच्याचे ८, मग त्याचे बेचक्याचे २, आणि तळव्याकडून परत येताना ८, ८, ९. झाले ५२. ह्यावर एक करवत, चार ओळी. मग त्या बेचक्याच्या दोन टाक्यांना करंगळीचे १५-१६ शिवा आणि करंगळीचे बाकीचे १४ ओळीत घ्या, ७ पाठीला ७ तळव्याला. झाले ६४. बेचक्याच्या दोन्ही कोपऱ्यांना बारीक भोक राहतं, बोटांचे सोडलेले धागे तिथंच आहेत, त्यांनीच आतून दोन टाके घालून बंद करा. ओळीची सुरुवात हाताच्या कडेला येते, त्यामुळं लाल ओळीची पायरी कोणाच्या नजरेत भरत नाही.

डाव्या हाताला काही वेगळं नाही, बोटं तशीच, जोडणी तशीच, फक्त ज्या बाजूला आपण पाठ म्हटलं तिला तळवा म्हणायचं. फरक अंगठ्यापाशी पडतो.

तळव्याच्या ४ करवती विणा, मग अंगठा. अंगठ्याच्या २० टाक्यांपैकी ४ आणि तळव्याचे कडेचे ४ एकमेकांना शिवायचे, उजव्या हाताला ओळीतले शेवटचे ४, डाव्या हाताला पहिले ४. स्वेटरच्या काखेत शिवतो ना तसंच. तळव्याचे राहिले ६०, अंगठ्याचे १६, एकूण ७६. ६० वर करवत चालूच राहील, ६० ला चारनं भाग जातो. अंगठ्याच्या १६ वर १ लाल १ पांढरा असं विणा आणि पुढच्या ओळीत उलट, लालवर पांढरा पांढऱ्यावर लाल, कारण इथं टाके कमी होत जाणार आणि करवत तुटलेली बरी दिसत नाही. दर दुसऱ्या ओळीत अंगठ्याच्या दोन्ही कडांना अंगठ्याचा एक अन् तळव्याचा एक असे दोन मिळून एक विणा, त्या टाक्याचा रंग तळव्याच्या नक्षीचा ठेवा. आठ वेळा केलं की अंगठ्याचे १६ संपतात, उरतात ६०. इथं हातात घालून पाहा, अंगठा बाहेर वळवून मूठ आवळून पाहा, ओढ बसत असेल तर शेवटचे चार कमी करणं तीन-तीन ओळींनी करा.

अजून एक करवत, चौथ्या लाल ओळीत चार ठिकाणी सारख्या अंतरावर दोनाचा एक करून ५६ टाके. मग एकाच रंगात २ सुलट २ उलट मनगटाची पट्टी, तीन इंच तरी, वावरासाठी लांबच बरी, स्वेटरच्या बाहीत गेली की वारा शिरत नाही. दोन्ही मोजे इथपर्यंत आणा आणि उरलेली लोकर वजनानं अर्धी-अर्धी वाटून मगच पट्ट्या करा. टाके एक नंबर जाड सुईनं सैल बंद करा.

धुताना कोमट पाणी, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत बाजेवर पसरा. लोकर खरी असली तर ओलीसुद्धा थोडी ऊब देते, ॲक्रिलिक असली तर शेकोटीपासून लांब ठेवायला सांगा, ते वितळून कातडीला चिकटतं. आणि घरच्या माणसाला हे नक्की सांगा की मोटरच्या स्टार्टरला ओले मोजे घालून हात लावायचा नाही, मोजे काढून, हात कोरडे करूनच.

फावड्यानं अंगठ्याजवळच्या बोटाचं टोक सगळ्यात आधी झिजतं. आमच्या ह्यांचं दुसऱ्याच हिवाळ्यात झिजलं. टोकाकडून विणलेलं बोट टोकाकडून सहज उसवत नाही, म्हणून झिजलेल्या जागेच्या खाली, पांढऱ्या भागातच, एका ओळीतला एक टाका कात्रीनं कापा, तो धागा गोल ओढून काढा, २० टाके मोकळे होतील ते सुयांवर घ्या. मग टोकाकडं साधं पांढरं विणत जा, काडीला लावून पाहा, आणि वाढवले होते त्याच्या उलट, ३ विणून दोनाचा एक असं चारदा करून १६, एक साधी ओळ, मग २ विणून दोनाचा एक करून १२, साधी ओळ, मग १ विणून दोनाचा एक करून ८, धागा त्या आठांतून फिरवून ओढा. पांढऱ्या साध्या भागात विणीची दिशा बदललेली कळत नाही, म्हणून टोक पांढरं ठेवायचं.